ब्रेनर लोरांतचा वाकडा दात

बुडापेस्ट, ३ सप्टेंबर १९९६

प्रिय गिझी,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे फोडलंस, यातच मी खूश आहे. गुडघा कसा आहे? इथं उन्हाळा सरला. बाल्कनीत लाल मिरच्यांच्या माळा लावल्यात, आणि खालच्या मजल्यावरची म्हातारी खकाणा येतो म्हणून रोज भांडते. म्हणजे सगळं नेहमीसारखं.

अकरा वर्षांनी लिहितेय. आईच्या कबरीशी माझ्या लोरीनं ट्रम्पेट वाजवला आणि तू सगळ्यांदेखत 'दफनभूमीत तमाशा मांडलात' म्हणालीस, तेव्हापासून आपण दोघी बहिणी तोंडाला कुलूप लावून बसलोय. ते उकरायला हे पत्र नाही. काम आहे. पण काम शेवटी सांगेन, आधी माझी फुशारकी ऐकून घे. अबोल्यात माझं खरं नुकसान काय झालं सांगू? तुझ्या नाकावर टिच्चून सांगावं असं इतकं घडलं, आणि सांगायला तूच नव्हतीस.

तर ऐक. सत्तावीस ऑक्टोबरला, रविवारी, लोरीच्या बँडला तीस वर्षं होतात म्हणून मोठा कार्यक्रम आहे. रेडिओवरून थेट ऐकवणार आहेत. तिकिटं कधीच संपली. पोस्टरवर नुसतं 'ब्रेनर' लिहिलंय. आडनाव पुरतं, गिझी! आमच्या ट्रामच्या थांब्यावरच ते लावलंय, त्यामुळे मी मुद्दाम एखादी ट्राम सोडते आणि तिथं उभी राहते. परवा एका बाईनं विचारलं, 'तुम्ही त्यांना ओळखता का हो?' मी म्हटलं, 'थोडंफार. त्यांचे मोजे मी धुते.'

दोरोगच्या औषधवाल्यांच्या मुलीनं खाणीतल्या माणसाचा मुलगा पसंत केला, तेव्हा तू काय काय बोलली होतीस ते मी लिहीत नाही. पण तो मे महिन्याचा पहिला दिवस तुला आठवत असेलच. पहाटे खाणीचा बँड वस्ती उठवत निघायचा. काळे गणवेश, टोप्यांना पिसं, आणि दारोदारी बायका खारे पोगाचा पाव न् पालिंकाची दारू घेऊन उभ्या. आपल्या खिडकीखाली आले आणि सगळा बँड कूच वाजवतोय, एक ट्रम्पेट मात्र मागे रेंगाळतोय. रेंगाळतोय म्हणजे असा, की रस्त्यातली माणसं खांदे हलवायला लागली. हाबेरकाका बँडमास्तर, ते थांबून गरजले, 'ब्रेनर, झोपेत चालतोस का रे?' हा म्हणाला, 'मी नीट चालतोय काका, तुम्हीच सगळे धावताय.'

त्या दिवशी तू खिडकी आपटून लावून घेतलीस आणि मी ती परत उघडली.

पुढे वादकांच्या परवान्याची परीक्षा. जॅझ म्हणजे साम्राज्यवाद्यांचं संगीत म्हणायचे ते दिवस. टेबलामागे बसलेल्या अध्यक्षांचे कान लाल झाले. 'कॉम्रेड, हे काय वाजवताय?' लोरी म्हणाला, 'खाण कामगारांचं कूचगीत, कॉम्रेड.' आणि खरंच तेच होतं! त्यालाच जॅझच्या झोपाळ्यावर बसवलं होतं त्यानं. आता खाण कामगारांच्या गाण्याला नापास कोण करणार? एकमेकांची तोंडं बघत दिला परवाना.

मग बर्लिनचे बार, हेलसिंकीची जहाजं, डान्यूबवरच्या बोटी. लोक सूप पीत असायचे आणि हा त्यांच्या पाठींना वाजवून दाखवायचा. मी कधी तक्रार केली नाही, त्यानंही नाही. सहासष्टात स्वतःचा बँड काढला. 'तिसरी पाळी' नावाचं संगीत लिहिलं. त्यात सुरुवातीला पितळी वाद्यं खाली खाली उतरत जातात ना, ती खाणीत उतरणारी लिफ्ट आहे, तिच्यात त्याचे बाबा उभे आहेत. वॉर्सात ते वाजलं तेव्हा लोक खुर्च्यांवर चढले. आज इथं ट्रम्पेट हातात घेणारं प्रत्येक पोरगं ते गिरवतं. कुणाला त्याच्यासारखं जमत नाही.

हल्ली तो मऊच खातो. दुधातला रवा, शिजवलेला भोपळा. ज्या माणसानं चाकूच्या टोकावर डुकराची चरबी घेऊन पाव चावत आयुष्य काढलं, तो. विचारलं तर म्हणतो, वय झालं. सरावाला बसतो तेव्हा स्वयंपाकघराचं दार लावून घेतो. पूर्वी आम्ही दार लावायचो, त्याच्या आवाजाला कंटाळून. आता तो लावतो.

असो. शब्द गोल गोल फिरवण्यात अर्थ नाही, तुला राग येतो. वरचा पुढचा डावा दात हलतोय. तोच, जो शेजाऱ्याच्या अंगावर चढून बसलाय. माउथपीस त्याच दातावर टेकतं. दात गेला की सूर गेला. कार्यक्रमात 'तिसरी पाळी'च्या शेवटी वरचा सूर आहे, लांब, एकट्या ट्रम्पेटचा, सगळा बँड गप्प. त्या सुराच्या भीतीनं माझा नवरा सकाळी उठून आधी जिभेनं दात चाचपतो, आणि मी झोपल्याचं सोंग करते.

डॉक्टरकडे जायला तयार नाही. त्याचा ट्रम्पेटवाला मित्र रेझो, आठवतो? त्यानं सुंदर दात बसवून घेतले आणि आता लग्नांत ड्रम बडवतो. 'माझ्या तोंडात परक्याचा हात जाणार नाही,' असं लोरी एकदाच म्हणाला आणि विषय बंद.

तुमच्या ओवारात म्हणे गल्लोगल्ली दातांचे डॉक्टर आहेत, ऑस्ट्रियातले लोक सकाळी येतात आणि संध्याकाळी नवं तोंड घेऊन जातात. असतील. पण ते सगळे परकेच की. घरातली एकच आहे. मी हात जोडत नाहीये हं, हे लक्षात घे. नुसतं कळवतेय.

तुझी,
एटेल्का


ओवार, ७ सप्टेंबर

एटेल्का,

गुडघा तसाच आहे. पत्राची पहिली पानं मी उभ्या उभ्या वाचली, कारण खुर्चीत व्हिएन्नाची एक बाई तोंड उघडून बसली होती. ती म्हणाली, 'वाईट बातमी का?' मी म्हटलं, 'बहिणीची.' बिचारीला काही कळलं नाही.

वेड्यासारखं चाचपत बसू नका, हलता दात चाचपल्यानं घट्ट होत नाही. गुरुवारी सकाळी त्याला घेऊन ये. पिपाणी घरीच ठेवायला सांग, माझ्याकडे लोक दुखणं घेऊन येतात. दुपारचं सूप मी करीन. तुमच्यासाठी म्हणून नाही, गुरुवारी मी करतेच.

दात काढावा लागेल. त्याजागी मी असा बसवून देईन की आरशाला कळणार नाही. चाळीस वर्षं हेच करतेय, आणि माझ्याकडचा माणूस लग्नांत ड्रम वाजवत नाही.

गिझेला


बुडापेस्ट, २८ सप्टेंबर

गिझी,

सूप छान होतं, हे त्या दिवशी म्हणायचं राहिलं. आईसारखी शेवटी जायफळाची चिमूट टाकतेस. लोरीनं दोनदा घेतलं. तुम्ही दोघं जेवताना एकमेकांशी एक अक्षर बोलला नाहीत, पण मीठ मात्र एकमेकांकडे सरकवत होतात. मला तेवढं पुष्कळ झालं.

नवा दात बसवून आलो, तेव्हा तो गाडीत वाटभर खिडकीच्या काचेत दात बघत होता. 'एतू, मी सिनेमातल्या नटासारखा दिसतो,' म्हणाला. मी हसले. घरी आल्यावर त्यानं कोटसुद्धा काढला नाही, ट्रम्पेट काढला आणि ओठाला लावला.

नुसती हवा आली.

मग सूर आला, पण तो त्याचा नव्हता. गिझी, अडतीस वर्षं मी त्या आवाजासोबत राहतेय. भिंतीपलीकडून ऐकला तरी मला कळतं की हा आज रागावलाय, की पाव आणायला विसरलाय. हा आवाज कुण्या नेटक्या, भांग पाडलेल्या माणसाचा होता. आणि वरचा सूर तर नाहीच. चढतो, चढतो आणि मांजराच्या पिल्लासारखा फुटतो. तो म्हणाला, 'ओठाला घरच सापडत नाही गं.' पंधरवडा झाला, रोज तेच.

तू तो सरळ केलास! शेजारच्याच्या ओळीत आणून बसवलास, पट्टी लावावी तसा. मला तुला बोल लावायचा नाही, असं मी ठरवून बसले होते, पण लावायचाच आहे. कुणी सांगितलं होतं सरळ करायला? व्हिएन्नाच्या बाया हसण्यासाठी दात लावतात, हा पोटासाठी लावतो. त्या वाकड्या दाताच्या पायरीवर ओठ ठेवून त्यानं सगळं उभं केलं, आणि तू ती पायरीच मोडून टाकलीस, स्वच्छ केल्यासारखी.

काल त्यानं बँडला सांगितलं की यंदा मी फक्त समोर उभा राहून हात हलवीन, वरचा सूर कुणीतरी दुसरा वाजवेल. बासवाला शांडोर तर पंचवीस वर्षं याच्याशी रोज भांडतो, 'हळू घे, जोरात घे,' करून. तो म्हणाला, 'तू नाही वाजवलास तर मी येत नाही, आणि मी आलो नाही तर तुला मजा येणार नाही.' लोरी हसला, पण ओठ मिटून हसला. आता तो दात दाखवत नाही. इतका सुंदर आहे तरी.

तुला तो कधी आवडला नाही, हे मला माहीत आहे. पण हे मुद्दाम केलंस असं मी म्हणणार नाही. फक्त एक सांग. काही होऊ शकतं का? नसेल तर नाही म्हण. मी ऐकून घेईन.

एटेल्का


ओवार, १ ऑक्टोबर

एटेल्का,

मुद्दाम केलंस असं म्हणणार नाही, हे वाक्य तू लिहिलंस याचा अर्थ तुझ्या मनात आलं होतं. म्हणून आधी त्याचं उत्तर. मुद्दाम नाही केलं. हाताला सवय झाली. या गावात आम्ही सगळे तेच करतो, दिसला वाकडा की कर सरळ. मला वाटलं मी त्याला भेट देतेय. पुन्हा कधी बोलायची वेळ येते न येते, निदान दात तरी असा द्यावा की माणसानं नाव काढावं, असं मनात होतं. पिपाणी घरी ठेव म्हटलं, तिथं चुकलं. आधी त्याला वाजवायला लावायला हवं होतं.

आता होऊ शकतं की नाही ते. वाकडा दात बनवणं अवघड नाही, पण कसा वाकडा, किती, कुठल्या बाजूला कललेला, हे मला कळायला हवं. मूळ दात तुकडे होऊन निघाला. अंदाजानं केला तर आणखी एक परका दात होईल. दोन रात्री हाच विचार केला आणि मग वरच्या फळीवर हात गेला.

मी शिकत होते तेव्हा घरात दिसेल त्याच्या तोंडाचा ठसा घ्यायचे. बाबांचा, आईचा, तुझाही. एके रविवारी तुझा लोरी आपल्याकडे पहिल्यांदा जेवायला आला, मी त्यालाही खुर्चीत बसवलं. तोंडात प्लास्टर होतं आणि तेव्हाच बाबा आत येऊन म्हणाले, 'तर तरुण माणसा, पुढे काय करायचा विचार आहे?' तो नुसता 'हुं, हुं' करत होता आणि बाबांना वाटलं, मुलगा मितभाषी आहे. त्यावर हो म्हणाले ते.

तो साचा माझ्याकडे आहे. घरं बदलली, बाकीचे सगळे फुटले किंवा टाकले. हा राहिला. नव्यानं शिकायला येणाऱ्यांना दाखवायचे मी, दात कसे नसावेत ते. आता यावर काही बोलू नकोस.

रविवारी, तेरा तारखेला, त्याला घेऊन ये. दवाखाना त्या दिवशी बंद असतो. आणि ट्रम्पेट घेऊन ये.

गिझी


बुडापेस्ट, २८ ऑक्टोबर

माझ्या लाडक्या गिझी,

तू आली होतीस. शेवटच्या रांगेत, खांबाशेजारी, राखाडी कोटात. मी पहिल्यापासून पाहत होते, पण मागे वळून हात केला असता तर तू उठून गेली असतीस, म्हणून केला नाही. तरी शेवटी गेलीसच. 'तिसरी पाळी' संपली आणि मी वळून पाहिलं तर खुर्ची रिकामी. गाडी पकडायची होती म्हणशील. त्यानंतरही गाडी होती, मी विचारलंय.

ते जाऊ दे. आधी तुझ्या दवाखान्यातला तो रविवार. तुम्ही दोघं मला विसरून गेला होतात, आणि मी दाराशी उभी राहून सगळं ऐकत होते. तो वाजवायचा, तू घासायचीस.

'आता?'

'अजून थोडा कलता.'

'थोडा म्हणजे किती? मी डॉक्टर आहे, सुतार नाही.'

'सुतार असतीस तर एव्हाना झालं असतं.'

'तोंड उघड आणि गप्प बस.'

'दोन्ही एकदम कसं करू?'

आणि मग तो सूर लागला. जिन्यात वरच्या मजल्यावरचे लोक येऊन उभे राहिले, रविवारच्या चपलांवर, हातात काटेचमचे घेऊन. तू डोळे पुसलेस आणि म्हणालीस, 'दाताची भुकटी जाते डोळ्यात.' चाळीस वर्षं भुकटीत काम करतेस, तुला सवय नसेल का? एवढा वाकडा, एवढा कुरूप दात तू आयुष्यात बनवला नसशील. गिझी, तू केलेल्या सगळ्या दातांत मला तोच आवडतो.

आता कालचं. तू शेवटचा सूर ऐकूनच उठलीस ना? मला खात्री आहे. मी माझ्या पिशवीचा बंद इतका घट्ट धरला होता की तो तुटला. बँड गप्प झाला, शांडोरनंही तारांवरचा हात उचलला. आणि लोरीनं तो सूर घेतला, घाई न करता, आपल्या वस्तीत रेंगाळायचा तसा. तो वर गेला आणि तिथं राहिला. माझा नवरा आहे तो. बासष्ट वर्षांचा. मी इतकी रडले की शेजारच्या अनोळखी गृहस्थांनी आपला रुमाल दिला आणि परतसुद्धा घेतला नाही.

टाळ्या तू दारातून ऐकल्या असशील. आधी पावसासारख्या, मग आपल्या लोकांची ती रीत, सगळ्यांच्या एका ठेक्यात, जमीन हलेल अशा. थांबेचनात. पण त्यानंतर जे झालं ते तू ऐकलं नाहीस, आणि गाडीत रेडिओ नसतो, म्हणून लिहितेय.

टाळ्या थांबल्यावर लोरीनं बँडमधल्या एकेकाचं नाव घेतलं. पियानोवर कोण, ड्रमवर कोण, एकेक जण उठून वाकत गेला. 'बासवर शांडोर, जो माझं कधीही ऐकत नाही.' सगळे हसले. शेवटचं नाव झालं, आणि लोक पुन्हा टाळ्यांना हात उचलणार तेवढ्यात तो म्हणाला, 'थांबा. एक नाव राहिलं.' मग त्यानं स्वतःच्या तोंडाकडे बोट केलं. 'आणि दातावर, ओवारच्या डॉक्टर गिझेला, माझी मेहुणी. ती तिकडे शेवटच्या रांगेत बसली आहे. आमच्या बँडमध्ये नवी आहे, पण काल-परवाची नाही.'

म्हणजे त्यानंही तुला पाहिलं होतं! दिव्यांच्या झोतात उभं राहून, पहिल्या सुरापासून. मला शब्दानं बोलला नाही.

सगळं सभागृह मागे वळलं. खांबाशेजारी तुझी रिकामी खुर्ची होती. ते लोक त्या खुर्चीकडे तोंड करून, सगळे एका ठेक्यात, टाळ्या वाजवत राहिले. रेडिओवाला माणूस गोंधळून माइकवर म्हणाला म्हणे, 'श्रोतेहो, डॉक्टर उभ्या राहत नाहीत, बहुधा लाजतायत.' मला राहवलं नाही. मी उठले, रांगेतल्या लोकांच्या गुडघ्यांवरून वाट काढत मागे गेले, तुझ्या खुर्चीसमोर उभी राहिले आणि वाकले. तुझ्याऐवजी. सगळ्यांना वाटलं ती तूच. वाटू दे. दिसायला आपण सारख्याच आहोत, तुझं नाक तेवढं वर असतं.

पण गिझी, त्या टाळ्या तुझ्या होत्या. मी फक्त तुझ्या वतीनं घेतल्यात, आणि मला त्या भेटून तुला द्यायच्यात.

तुझी धाकटी,
आणि पोस्टरवरच्या त्या माणसाची बायको,
एतू